जव्हारच्या कब्रस्तानात कबरींचं सुशोभीकरण

ऐंशीची मावशी कायमची इस्रायलला लेकीकडे निघाली. जाण्याआधी तिचा एकच हट्ट होता: वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या कबरीवर खडा ठेवायचा. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कबरीवर खडा ठेवला की आपलं माणूस येऊन गेल्याची खूण राहते. आजोबा संस्थानाच्या काळात जव्हारला मास्तर होते आणि तिथेच गेले.

शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; मावशी घराबाहेर पडत नाही, म्हणून रविवारी ठाण्याहून एसटी धरली. वाड्याच्या वाटेवर खड्ड्यांना रस्त्याची अडचण होते, एवढंच सांगते. जव्हारला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा जरूर खा, शंभर-सव्वाशेत पोट भरतं. दाभोसाच्या धबधब्याला जायचं तर सकाळीच निघा, जीप खच्चून भरल्याशिवाय हलत नाही.

आम्ही मात्र मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. मावशीच्या आठवणीत करवंदीच्या जाळ्यांत विखुरलेल्या कबरी होत्या. समोर निघाली बाग! रंगीत कमान, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट, कोरडं कारंजं. कबरींवरचे दगड उपटून कुंपणालगत उभे केलेले, तेही उंचीप्रमाणे, कवायतीला पोरं उभी करतात तसे. काय ही अक्कल!

"आधी समदं वाकडंतिकडं व्हतं, बाई," देखरेखीचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले. "आता बघा, कसं एका लायनीत!"

"आणि खालची माणसं?" मावशीने विचारलं.

"मानसं कुठं व्हती? नुस्ते दगड व्हते."

"माझ्या वडिलांच्या उशाशी चाफा होता."

"तो तोडला. पाला लई पडायचा."

आजोबांचा दगड सापडला. वर हिब्रू, खाली मराठी कोरलेलं, दोन्हींवर पांढरा ऑइलपेंट. आमचे पूर्वज जिथे पहिल्यांदा उतरले, त्या नवगावच्या किनाऱ्यावरून आणलेला खडा मावशीने पर्समधून काढला आणि परत आत ठेवला.

"इथे नाही ठेवायचा?" मी विचारलं.

"दगडावर ठेवून काय करू? दगड थोडाच मेलाय?"

ती पेव्हर ब्लॉकवर इकडे उभी राहिली, तिकडे उभी राहिली, मग चल म्हणाली. कब्रस्तानातून निघताना हात धुवायचे असतात. सुशोभीकरणात नळ नव्हता, बाटलीतल्या पाण्यावर भागवलं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

मावशी इस्रायलला गेली. विमानतळावर खडा माझ्या हातात देऊन म्हणाली, "जागा सापडली तर ठेव." तो स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून आहे.

तुम्ही जव्हारला जरूर जा, हवा छान आहे. त्या बागेत फिरलात तर मात्र जरा हळू चाला. आजोबा कुठल्या ब्लॉकखाली आहेत, मला माहीत नाही.