मिठावरून गेलेली नगरपालिका

आमच्या सारीकुयूची नगरपालिका कुणी बुडवली, हे चहाच्या टपरीवर विचारून बघा. सगळी बोटं माझ्याकडे वळतात. मी काही केलेलं नाही हो, मी आपला ट्रॅक्टर चालवतो. बुडवली ती माझ्या दाजींनी, म्हणजे दुर्दूंनी, आणि दाजी कुणाचे, तर माझे.

दाजी नगरपालिकेच्या भोंग्यावर होते. पाणी कधी येणार, कोण वारलं, कुणाची शेळी हरवली, सगळं गावाला त्यांच्याच तोंडून कळायचं. घसा असा, की समुद्रातल्या होडीतले लोकसुद्धा वर मान करून ऐकायचे. अक्कल मात्र घशाच्या मानानं बेताचीच. ज्या जनगणनेत नगरपालिका गेली, तिच्या तीन वर्षं आधी एकदा पाण्याची सूचना देऊन झाली आणि दाजी बटण बंद करायला विसरले. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "अरे, आमच्या उम्मुहानच्या हातच्या डाळीत निम्मा समुद्र असतो बघ. जेवून उठलं की उंटासारखं पाणी प्यावं लागतं."

अख्ख्या गावानं ऐकलं. बाजारात टोमॅटो निवडत असलेल्या माझ्या ताईनंही ऐकलं. आजूबाजूच्या बायांनी तोंडात रुमाल कोंबले. ताई घरी गेली, शेळ्या सोडल्या आणि वर आर्दिच्लीला उन्हाळ्याच्या घरी जाऊन बसली. बर्फ पडला तरी उतरली नाही. दाजींनी तीन हिवाळे उकडलेली अंडी खाऊन काढले, आणि तीही करपलेली.

आता आमच्या मेर्सिन प्रांताची तऱ्हा सांगतो. वर तोरोसचे डोंगर, खाली समुद्र, आणि आमचं बूड एका जागी टेकेल तर शपथ. उन्हाळ्यात खाली डास फोडून काढतात म्हणून वर, हिवाळ्यात वर हाडं गोठतात म्हणून खाली. दोन्हीकडे घर, दोन्हीकडे भांडण. सरकारला हे पटत नाही. मोजणीच्या रविवारी पहाटेपासून घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, जिथे सापडाल तिथले तुम्ही. दोन हजार डोकी भरली तर नगरपालिका, नाहीतर साधं खेडं. खेडं झालो की भोंगा जाणार आणि दाजींची नोकरीही. वरच्या आर्दिच्लीलाही नगरपालिका हवी होती. पंचाईत एवढीच, की दोन गावांत मिळून डोकी तीच.

शनिवारी सकाळी नगराध्यक्ष रासिमसाहेबांनी दाजींना बोलावलं. "दुर्दू, वर अजून बरीच मंडळी रेंगाळलीयत. ट्रॉली घेऊन जा आणि सगळ्यांना भरून आण. पण तुझ्याच्यानं काय होणार म्हणा! स्वतःची बायको आणता येत नाही तुला."

कचेरी हसली. दाजींचे कान लाल झाले.

घाट चढताना ते मला म्हणाले, "मेहुणे, आज तिला घेतल्याशिवाय खाली यायचं नाही."

"तोंड बंद ठेवलंत तर येईल ती."

"बंदच ठेवतो."

"हेच त्या बटणाबद्दल केलं असतंत तर?"

त्यावर दाजींनी माझ्या आईचा उद्धार केला. ती त्यांची सासू, तेव्हा तो त्यांचा हक्कच.

वरच्या सरपंचानं चौकात ही भलीमोठी कढई चढवली होती. गहू आणि मटण घोटून केलेलं केश्केक, वर तापलेलं लोणी. आमच्याबरोबर आलेले चार मदतनीस ट्रॉली थांबायच्या आत उड्या टाकून गेले. ज्यांना न्यायला आलो ते तर आधीपासूनच बोटं चाटत होते. आम्ही दोघं ताईच्या दाराशी गेलो.

"काय काम काढलंत?" ताई म्हणाली.

"मोजणी आहे," दाजी म्हणाले.

"मग मोजा. शेळ्या अकरा आहेत."

तरी तिनं ताटं मांडली. घरी वेगळं केश्केक केलेलं होतं. मी पहिला घास घेतला आणि डोळे पांढरे झाले. मिठाचा कण नाही! भिंत चाटावी तशी चव. ताई डाव घेऊन दाजींच्या डोक्यावर उभी.

"मीठ?"

"बरोबर आहे," दाजी म्हणाले.

तिनं आणखी वाढलं. "मीठ?"

"अगदी बेताचं."

तिनं पुन्हा वाढलं. दाजींनी तेही संपवलं, पाणीसुद्धा न पिता. आयुष्यात त्या माणसाला एवढा वेळ गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुपारनंतर धुकं उतरलं. चौकात गेलो तर माणूस नाही. सगळे तुडुंब जेवून "जरा पाठ टेकतो" म्हणत आपापल्या उन्हाळ्याच्या घरांत घोरत पडलेले. मी परत आलो. "दाजी, उठा! धुकं वाढलं तर घाट उतरता येणार नाही. नोकरी जाईल तुमची."

दाजी चुलीपाशी बसून होते. "ती अजून चल म्हणाली नाही रे."

"ती नाही यायची!"

"मग मी खाली जाऊन कुणाकडे जाऊ?"

मी किल्ली खिशात टाकली. ट्रॅक्टर राहिला तिथेच.

सकाळी मोजणीवाले मास्तर आले. "घरात मुख्य कोण?"

"मी," ताई म्हणाली.

"हे?"

"भाऊ. खादाड आहे, धुक्यात अडकला."

"आणि हे?"

सगळ्या गावाला ऐकू जाणारा तो घसा, पण साधा खाकरला नाही. दाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी पेन झटकलं.

"नवरा," ताई म्हणाली.

"पाहुणे म्हणून आलेत की घरचेच?"

"घरचेच. मेल्याला जायचं कुठे आहे!"

मास्तर गेले. दाजी हळूच म्हणाले, "उम्मुहान, नोकरी गेली गं."

"कळलं मला."

"मग आता जरा मीठ दे ना."

ताईनं अख्खी बरणी त्यांच्यापुढे आणून आपटली.