कमी भरलेलं माप

सरकारी कारखान्यात मी आणि माझा एक मित्र सव्वीस वर्षं एकाच टेबलावर मोजमापाची उपकरणं तपासत होतो. निवृत्तीनंतर मी बनशंकरीतल्या आमच्या इमारतीचा सेक्रेटरी झालो आणि तो चामराजपेटच्या घरी बसून कुराणावर पुस्तक लिहू लागला. त्याच्या लोकांनाही ते फारसं रुचत नव्हतं. मौलवी नाही, साधा डिप्लोमावाला, हा कोण सांगणारा!

दर गुरुवारी तो मला लिहिलेलं वाचून दाखवायचा आणि मी खोड्या काढायचो. एकदा व्यापाऱ्यांच्या गावात आलेल्या एका जुन्या पैगंबराच्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, निघाली. माप पुरं भरा, एवढंच तो सांगत होता, तर गावानं त्यालाच हाकलून द्यायची धमकी दिली. शेवटी गाव नष्ट झालं.

"एवढ्यासाठी अख्खं गाव?" मी म्हणालो. "तुझा देव फारच कडक बुवा."

"तराजू फक्त धान्याचा नाही," तो म्हणाला. "माणसाला कमी लेखणं हेही कमी मापच. आणि सगळेच दुकानदार लबाड असतील असं मला वाटत नाही. काही नुसते बघत बसले असतील. गाव त्यांचंही होतं."

मला ते इतकं पटलं की घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. शहाणा ना मी!

त्याच वर्षी त्याच्या बायकोचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉस्पिटलात. चामराजपेटहून येण्याजाण्यातच ती अर्धमेली व्हायची. आमच्याकडे तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता आणि मालक भाड्याने द्यायला तयार होता. मी विषय समितीपुढे ठेवला.

कुणी वावगं बोललं नाही, सगळे शिकलेले. एक अक्का म्हणाल्या, "माणूस चांगलाच असेल हो, पण स्वल्प अडचण होते. फक्त शाकाहारींना, असा नियम लिहून टाका. कुणाला वाईट वाटायला नको."

मी तोंड उघडलं नाही. नियम मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून सांगितलं.

"मग आम्ही मटण-मासे सोडतो. लेखी देऊ का?"

तेवढ्यात फ्लॅट दुसऱ्याला गेला, अशी थाप मी मारली. फ्लॅट रिकामाच होता.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "तू बोललास ना आमच्यासाठी?"

"खूप भांडलो."

त्यानं ते बायकोला सांगितलं. मागून तिचा दमलेला आवाज आला, "भाईसाब हमारे वास्ते इत्ता करे, उनको शुक्रिया बोलो."