हातभर रिकामी जागा

कुठल्याही खोलीत शिरलं की छतवाले सर आधी उजवा हात वर करायचे. तळवा छताकडे, बोटं सैल, डोळे अर्धवट मिटलेले. मग "हूं" म्हणायचे आणि बसायला जागा शोधायचे. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईला वाटलं, सर आशीर्वाद देताहेत. तिने मला कोपराने ढोसलं, मी मुकाट्याने वाकले, आणि सर माझ्या डोक्यावरून वरच बघत म्हणाले, "वहिनी, वरती कोणी राहत नाही ना? स्लॅब भयंकर तापलाय." ते गेल्यावर आईने मला विचारलं, हे तुझे इंजिनीयरिंगचे सर आहेत की घरं दाखवणारे दलाल?

सर आम्हाला उष्णता शिकवायचे, पण पुस्तकापेक्षा छपरावर जास्त बोलायचे, म्हणून सगळं कॉलेज त्यांना छतवाले सर म्हणायचं. दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो, हात वर जायचाच. एका मैत्रिणीच्या लग्नाच्या फोटोत सगळे दात काढून हसताहेत आणि मागे सर हात वर करून उभे आहेत, वरातीला थांबवायला आल्यासारखे. इंदूरच्या पलासिया भागातल्या बँकेतल्या एसीचं त्यांना जराही कौतुक नव्हतं. "इथली गर्मी गेली कुठे? बाहेरच्या त्या पानवाल्याच्या अंगावर," असं म्हणून ते बाहेर यायचे आणि पानवाल्याला खरंच विचारायचे, "क्यों भिया, ज्यादा तप रिया है क्या?" पान मात्र कधी खायचे नाहीत, त्यामुळे पानवाला त्यांच्यावर नाराज असायचा.

दरवर्षी कॉलेजात प्रोजेक्टांचं प्रदर्शन भरायचं. आम्ही मुलंमुली जग वाचवण्यापेक्षा कमी काही करतच नव्हतो. कोणी हवेतून पाणी काढायचं, कोणी समुद्राच्या लाटांवर वीज बनवायचं. इंदूरला समुद्र नाही ही गोष्ट कोणी मनावर घ्यायचं नाही. मी "तापत्या पृथ्वीवर उपाय" असं झोकदार पोस्टर लावलं होतं. सर बराच वेळ ते वाचत उभे राहिले.

"पोरी, पृथ्वी फार मोठी आहे. हे लागणार कोणाच्या घरात? नाव सांग."

मला एकही नाव सांगता आलं नाही. "मग आधी नाव शोध, पोस्टर नंतर," असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. मला तेव्हा त्यांचा खूप राग आला होता.

हा माणूस असा का, हे मला त्यांच्या महूच्या घरी गेल्यावर कळलं. सरांचे आजोबा फौजेत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि वर पत्रे टाकले. चौदा एप्रिलला देशभरातून माणसं महूला येतात, तेव्हा सरांची आई दारात माठ मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायची. एका वर्षी पाऊस लांबला, आणि जूनच्या एका दुपारी त्याच घरात झोपलेली ती बाई उठलीच नाही. डॉक्टरांनी लू लागली, ऊन बाधलं म्हणून सांगितलं. "लू बाहेर लागते. माझी आई घरात होती," सर म्हणाले. "तिला छपराने मारलं. आणि मी तेव्हा कॉलेजात मुलांना उष्णता शिकवत होतो." ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला रडूच आलं.

त्यांनी शोधलेला उपाय अगदी साधा होता. तापणाऱ्या पत्र्याच्या हातभर वर दुसरा पत्रा, चुन्याने पांढरा केलेला. मधली जागा दोन्ही टोकांना उघडी. ऊन वरचा पत्रा झेलणार, मधून वाहणारी हवा गर्मी घेऊन जाणार, आणि खालच्या माणसाच्या वाट्याला थोडीच येणार. वीज नको, मशीन नको. "यातला मेन पार्ट म्हणजे रिकामी जागा. ती तुटत नाही, गंजत नाही, कोणी चोरून नेत नाही," असं म्हणून ते खुशीत स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचे. ते तिथेच चुकले.

तोवर मी सांवेर रोडवर पत्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागले होते. कारखान्यामागे कामगारांच्या खोल्यांची एक लांबलचक चाळ होती, सगळी पत्र्याची. एका सरकारी कचेरीत खेटे घालघालून सरांनी कबूल करून घेतलं, की सबंध चाळीवर हे दुहेरी छप्पर घालायचं आणि एक उन्हाळा काढून झाल्यावर त्याच्या पुढच्या मे महिन्यात साहेबलोकांनी येऊन तपासायचं. खोल्या थंड निघाल्या तर शहरातल्या सगळ्या पत्र्याच्या वस्त्यांना तेच छप्पर मिळणार होतं. सर त्या दिवसापासून चालताना पाय जमिनीला लावत नव्हते.

पहिला उन्हाळा सोन्यासारखा गेला. पहिल्या खोलीत ललिताबाई राहायची, नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरणारी. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. ललिताबाई धावत येऊन म्हणाली, "सरजी, अम्मा आज दोपहर में सो गई! मई के महीने में!" सर आत गेले, हात वर केला आणि तसेच उभे राहिले. बाहेर आले तेव्हा रुमालाने डोळे पुसत होते आणि घामाला शिव्या देत होते. मग आम्हाला सगळ्यांना राजवाड्याजवळ पोहे-जिलबी खायला घातली आणि स्वतः खायचं विसरले.

पुढच्या मेमध्ये साहेब आले, घामाघूम. ललिताबाईच्या खोलीत शिरताच सरांचा हात सवयीने वर गेला आणि लगेच खाली आला. ते बाहेर जाऊन मान वर करून बघायला लागले. मीही बघितलं. चाळभर मधल्या पोकळीची दोन्ही तोंडं पत्रा ठोकून बंद केली होती. कुठे कडी, कुठे कुलूप. आत पेट्या, लोखंडी पाइप, गणपतीच्या मंडपाचे खांब, एक मोडकी सायकल, आणि एक जुना कूलरसुद्धा. वाहणारी हवा अडली होती आणि वरचं लोखंड भट्टीसारखं तापलं होतं.

ललिताबाई मात्र आनंदात होती. "सरजी, आपने तो कमाल कर दी. छत भी दी, अलमारी भी दे दी."

"बाई, वो जगह खाली रखनी थी."

"खाली?" तिला खरंच कळेना. "सरजी, हमारे यहाँ खाली जगह रहती कब है?"

साहेबांनी मापं घेतली. शेजारच्या वस्तीतल्या साध्या पत्र्याच्या खोलीत आणि या खोलीत काही फरक नव्हता. "कॉन्सेप्ट अच्छा है, सर," ते म्हणाले, म्हणजे विषय संपला. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी ललिताबाईच्या जोडीने हात लावून तिच्या सासूची खाट दारापाशी सावलीत आणली. जूनमध्ये ती म्हातारी गेली, दुपारीच. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सरांनी हात वर केला नाही. मग पुढे कधीच केला नाही.

परतताना रिक्षात मी तावातावाने म्हणाले, "सर, तोंडांना जाळी लावू या."

"जाळीला पण कडी लावतील," ते म्हणाले. "चूक त्यांची नाही गं. एवढ्याशा खोलीत घरभर माणसं, आणि मी सांगतो हातभर जागा मोकळी सोडा. मी उन्हाचा विचार केला. पेटी कुठे ठेवायची, त्याचा नाही केला."

मागच्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. मे महिन्यात मी सरांच्या बायकोला, काकूंना, भेटायला महूला गेले. खाली मुलाचा संसार, म्हणून काकू नंतर चढवलेल्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. त्या खोलीवर सरांनी स्वतः दुहेरी छप्पर घातलं होतं. मी आत शिरले आणि नकळत माझा हात वर गेला. तापल्या तव्यावर धरावा तसा तो भाजला. पंखा गरम वारा फेकत होता. काकू पदराने वारा घेत खाटेवर बसल्या होत्या.

"काकू, सरांची मॉडेलं कुठे गेली? ती लहान लहान छपरं?"

"जपून ठेवलीत ना," काकू म्हणाल्या. "सुनेला खालचं कपाट पाहिजे होतं. मग वरती ठेवली, त्यांची लोखंडी पेटी पण. एवढी जागा वर रिकामीच पडली होती. दोन्हीकडून पत्रा ठोकून घेतला, मांजरं जायला नकोत."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हवा, पोकळी, ऊन, ललिताबाईची सासू. म्हटलं, ते सामान आजच काढू, मी माझ्या घरी नेते.

"नाही गं, ते नाही देणार. तेवढेच राहिलेत ते माझ्यापाशी," काकू म्हणाल्या. मग पदर थांबवून त्यांनी विचारलं, "काढते, पण ठेवू कुठे? तूच सांग."

मी खोलीभर बघितलं. खाट, माठ, शेगडी, औषधांचा डबा, भिंतीला टेकवलेली सुनेची जुनी ट्रंक. मला एकही जागा सांगता आली नाही.