लाईट गेली की तांब्या

आमच्या घरात लाईट गेल्याचं सगळ्यांत आधी मला कळतं. पंख्याची पाती थांबायला वेळ लागतो, फ्रीजचं कोणाला कळतच नाही. पण पुढच्या खोलीत जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर काचेची पेटी आहे, तिच्या मागे मुठीएवढी हवेची मोटर आहे, आणि तिची घुरघुर थांबली की मी स्वयंपाकघरात असले तरी माझा हात थांबतो. तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, आधी तांब्या शोधायचा. नवरा म्हणतो, हिच्या कानात मीटर बसवलंय.

पेटी मुलीची. शहाद्याला कॉलेजला जायची तेव्हा एक दिवस एसटीत मांडीवर धरून घेऊन आली. कळसाडीच्या फाट्यापासून घरापर्यंत येईस्तोवर अर्धं गाव मागे. आत चार-पाच केशरी मासे, त्यातला एक काळ्या शेपटीचा. तो तिचा लाडका. ती काचेला बोट लावायची आणि तो तिथे यायचा. मी बोट लावलं की पाठ फिरवायचा. मला तेव्हापासून त्याचा राग होता.

मग ती नाशिकला गेली. रक्त-लघवी तपासण्याचा कसला तरी कोर्स करायचा म्हणाली. मी म्हणाले, शहाद्यात राहून बी.एड. कर, दोन चांगली स्थळं आली आहेत, डोळ्यासमोर राहशील. आठ-दहा दिवस घरात भांडी आदळत होती, तिच्या हातूनही आणि माझ्याही. शेवटी तिच्या वडिलांनी बॅग उचलून तिला एसटीत बसवलं. जाताना ती माझ्याशी एकच बोलली. माशांना रोज थोडंच खायला घाल आणि लाईट गेली तर तांब्याने पाणी वर-खाली कर, त्यांना हवा मिळते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येतो. ती विचारते, मासे कसे आहेत. मी सांगते, बरे आहेत. ती विचारते, लाईट आहे का. मी आहे किंवा नाही सांगते. मग मी विचारते, जेवलीस का. ती हो म्हणते आणि फोन ठेवते. एवढंच. कधी कधी मी मुद्दाम लांबण लावायचे, आज काळ्या शेपटीचा कोपऱ्यात बसून होता, दुसरा जाड झालाय, काचेवर हिरवं धरलंय. मग ती दोन-चार वाक्यं जास्त बोलायची. मला कोणी विचारलं असतं की तुझी मुलगी तिथे काय शिकते, कोणाबरोबर राहते, तर मला सांगता आलं नसतं. पण माशांबद्दल आम्ही दोघी बोलायचो. म्हणून मला त्या पेटीचा घोर होता. मासे मेले तर ती फोन कशाला करील, हा विचार मनात यायचा आणि मी उठून उगाच मोटरला हात लावून बघायचे.

आमच्याकडे लाईट दोन जातींची. गावठाणची वेगळी आणि शेतीची वेगळी. शेतीची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. गावठाणची पाळी नसते, ती मनाला येईल तेव्हा जाते. इन्व्हर्टर आहे, पण तो इतका म्हातारा झालाय की एक दिवा आणि एक पंखा ओढताना धापा टाकतो. शहाद्याहून सेलवर चालणारी छोटी मोटर आणली, ती सेल असे खाते की जणू तिचंच लग्न आहे. म्हणून शेवटी तांब्याच खरा. पेटीतून भरायचा, हात उंच करून परत पेटीत ओतायचा. खांदा भरून येतो. नवरा दारातून म्हणायचा, महादेवाला कोणी एवढा अभिषेक घातला नसेल, तिकडे ऊस वाळतोय आणि इथे माशांचे लाड चाललेत. मी त्याच्याकडे बघायचेही नाही.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांना मासे आवडायचे, पण त्यांच्या पद्धतीने. आमच्या घरात कोणी रडत आलं तरी आधी ताट वाढतात. रागावून आलं तरी ताट. पाहुणा दारात चपला काढतोय तोवर आत कढईत तेल तापलेलं असतं. सासूबाई दर श्रावणात प्रकाशा गावी तीर्थाला जातात, तापीत पाय बुडवतात आणि घाटावर बसून कणकेच्या गोळ्या टाकतात. मासे वर येतात, तोंड वासतात, गोळी गिळतात. त्यांच्या दृष्टीने तोंड वासलेल्याला घास घालणं याच्याइतकं पुण्य दुसरं नाही. घरातल्या पेटीत गोळ्या टाकायच्या नाहीत, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्या मान डोलवायच्या.

यंदा मेमध्ये वादळ आलं. पाऊस थेंबभर नाही, नुसता वारा आणि धूळ. चार घरांचे पत्रे गेले, बाभळी आडव्या झाल्या आणि गावाच्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, एक आवाज आला तो सगळ्या गावाने ऐकला. मग अंधार. वायरमनने सकाळी वर बघून मान हलवली आणि म्हणाला, नवीन डीपी येईल तेव्हा येईल.

मी आदल्या संध्याकाळपासून तांब्या धरून होते. पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. सकाळपर्यंत ठीक होतं, पण उन्हं चढली तशी खोलीच भट्टी झाली. पाणी हाताला कोमट लागायला लागलं. मासे वर आले, अगदी पाण्याच्या कडेला, आणि तोंडं उघडत-मिटत राहिले. छोट्या मोटरचे सेल संपलेले. गावातल्या दुकानात होते ते लोकांनी टॉर्चसाठी उचलले होते. माझ्याने बसवेना. दहा तांबे ओतायचे, दारात जाऊन तारांकडे बघायचं, परत दहा तांबे. शेवटी ठरवलं, शहाद्याला जाऊन सेल आणते.

सासूबाईंना मी तांब्या हातात दिला. सांगितलं, असं भरायचं, असं ओतायचं, हात दुखला की थांबा, पण पुन्हा ओता. त्या म्हणाल्या, जा. मी फाट्यावर काळी-पिवळी जीपमध्ये बसले. ती भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मी त्याला दोनदा सांगितलं की घाई आहे, त्याने मलाच विचारलं, दवाखान्यात कोणी आहे का. मासे आहेत म्हणून कसं सांगायचं. मी हो म्हणाले. मग निघाला बिचारा. पण शहाद्यात दुपारची दुकानं अर्धी बंद, मोठ्या आकाराचे सेल मिळेस्तोवर मी बाजारपेठ दोनदा फिरले. उन्हात डोकं फिरलं होतं. पिशवीत सेल पडले तेव्हा मला वाटलं, आता जिंकलं.

घरी आले तर पेटीतलं पाणी दिसत नव्हतं. ताकासारखं पांढरं झालं होतं. तळाशी कणकेचा थर, वर तवंग, आणि दोन मासे कुशीवर तरंगत होते. सासूबाई बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या, तांब्या मांडीत. हाताला कणीक लागलेली.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भुक्या व्हतात वं बिचारा. तोंड वासी ऱ्हायंतात. मी गोया टाक्यात."

त्यांच्या आवाजात पुण्य केल्याचं समाधान होतं. मला मात्र राग आला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं उगाच आपटलं, मग परत आले. नव्या सेलची मोटर लावली, ती त्या पिठाळ पाण्यात फेस काढायला लागली. उरलेले मासे अजून वर येऊन तोंडं वासत होते. बाहेर मटक्यात पिण्यापुरतं पाणी, नळ बंद, कारण नळाची मोटरही गावठाणच्याच लाईटवर. मला रडू आलं. माशांसाठी नाही. संध्याकाळी फोन येणार होता.

तेवढ्यात नवरा शेतावरून आला. पेटीत वाकून बघितलं. अभिषेकाची थट्टा करील असं वाटलं होतं, पण त्याने पितळी हंडा घेतला, मटक्यातलं पाणी त्यात ओतलं आणि गाळणीने एकेक मासा उचलायला लागला. म्हणाला, शेतीची लाईट चालू आहे, या आठवड्यात दिवसाची पाळी, आपल्या बाजूच्या तारा शाबूत आहेत. बोअर चालू आहे. हौदात पाणी पडतंय.

मोटारसायकलवर मी मागे बसले, हंडा मांडीत घट्ट धरून, तांब्या पिशवीत घालून. पदराने त्याचं तोंड झाकलं होतं. रस्त्यात बाभळी पडलेल्या, तो जमेल तेवढं हळू चालवत होता आणि मी त्याला कधी हळू, कधी लवकर म्हणत होते. उसाच्या बांधावर उतरून पदर बाजूला केला तेव्हा काळ्या शेपटीचा आडवा झाला होता. मी त्याला पाण्यात ढकललं, बोटाने सरळ धरलं. त्या क्षणी मी बोट लावलं आणि तो पहिल्यांदाच पळाला नाही. सोडलं की परत आडवा.

उरले दोन. बोअरचं पाणी जाड धारेने सिमेंटच्या हौदात पडत होतं, फेसाचा आवाज येत होता. नवऱ्याने हौदातून उसाकडे जाणाऱ्या पाटाच्या तोंडाशी जुन्या साडीचा बोळा लावला, नाहीतर मासे सरळ उसात गेले असते. बैल हौदाकडे यायला निघाला तर त्यालाही त्याने बाजूला बांधला. मी हंड्यात थोडं थोडं हौदाचं पाणी घालत राहिले आणि मग हंडा वाकडा केला. दोघेही धारेखाली गेले. तोंडं मिटली, शेपट्या हलल्या. मी तिथेच हौदाच्या कठड्यावर बसले. काळ्या शेपटीच्याला नवऱ्याने बांधावर पुरलं. 

त्याने मोबाईल बोअरच्या पेटीवर चार्जिंगला लावला होता. सूर्य उसाच्या मागे गेला तेव्हा तो वाजला. नवऱ्याने बघितलं आणि माझ्या हातात दिला.

तिने नेहमीचंच विचारलं, मासे कसे आहेत.

बरे आहेत म्हणायला मला एक क्षण लागला असता. पण काळ्या शेपटीचा कुठून आणणार होते? मी सगळं सांगितलं. वादळ, डीपी, काळी-पिवळी, सेल, गोळ्या, हंडा. काळ्या शेपटीच्याचं शेवटी सांगितलं. आजीला रागावू नको, असंही सांगितलं, तिला वाटलं ते भुकेले आहेत.  

मग ती म्हणाली, "माय वं, त्यास्ले भूक नव्हती. हवा पाहिजे व्हती त्यास्ले."

ती रागावून बोलली नव्हती. ती नाक ओढत होती. आणि ते नुसतं माशासाठी नव्हतं, एवढं आईला कळतं. काहीतरी झालं होतं तिकडे. मी लगेच तोंड उघडलं, आणि जिभेवर काय आलं होतं, तर जेवलीस का.

नाशिकला जायच्या आधीची एक संध्याकाळ मला आठवली. मी चुलीपुढे होते. ती येऊन माझ्या बाजूला बसली, म्हणाली, माय, तुला काही सांगायचं आहे. मी तिच्यापुढे ताट ठेवलं, त्यात गरम भाकरी टाकली, वर तूप सोडलं. म्हणाले, आधी खा. ती खाऊन उठली. काय सांगायचं होतं ते मी परत विचारलं नाही. पोट भरलं, म्हणजे झालं, असं मला वाटलं. सासूबाईंवर पातेलं आपटणारी मी, आणि माझं तरी काय वेगळं होतं?

मी जीभ आवरली. म्हणाले, "बोल. मी आयकी ऱ्हायनू."

आधी ती गप्पच होती. मी पण. एरवी मला एवढी शांतता सहन होत नाही, मी काहीतरी भरतेच. कठड्याला नखं रुतवून बसून राहिले. मग तिने एक लांब श्वास घेतला आणि बोलायला लागली. पहिल्यापासून. तिथल्या खोलीचं, पहिल्यांदा कोणाच्या हातात सुई घालतानाच्या भीतीचं, एका विषयात नापास झाल्याचं, जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात शेतीची लाईट गेली. बोअर थांबला, पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी फोन खांद्याने कानाशी दाबला, हौदातून तांब्या भरला, हात उंच केला आणि ओतायला लागले. ती बोलत होती. मी मध्ये बोलले नाही.