रोजमावशीच्या हातावरचं वृंदावन

साताऱ्याहून निघताना शाळेतल्या बायकांनी मला बजावलं होतं, समुद्रकाठची हवा बाधते, पाणी उकळून पी. पोचल्या पोचल्या मी काय घोटाळा करीन, याचा अंदाज मात्र कोणालाच नव्हता. वसई रोडला उतरून टांग्याने पापडी गाठेपर्यंत दिवेलागण झाली. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, कुठूनशी रहाटाची कुरकुर. फिलूच्या अंगणात चुन्याने रंगवलेला चौथरा होता आणि त्याच्या कोनाड्यात पणती. मी चपला काढल्या, खांद्यावरून पदर घेतला आणि तुळशीला करतात तसा वाकून नमस्कार केला. मान वर केली तर चौथऱ्यावर तुळस नव्हती, दगडी क्रूस होता.

"असू दे गं शालन, तोही घेईल तुझा नमस्कार," फिलू दारातून म्हणाली आणि हसत सुटली. तिची आई, रोजमावशी, हसली नाही. ती माझी पिशवी घेऊन आत गेली. मला वाटलं, आपण यांच्या देवाचा अपमान केला.

फिलू म्हणजे फिलोमिना, पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची. ती नर्स झाली, मी पोरांना चित्रकला शिकवू लागले. महिन्याभरात ती कुवेतच्या इस्पितळात नोकरीला जाणार होती. म्हणून दिवाळीची सुट्टी लागताच मी तिला भेटायला आले होते.

रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवलो. वर सुकेळी (राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून करतात ती). मला ती इतकी आवडली की फिलूने डबाच उचलून फळीवर ठेवला. मायलेकी आपापसात घरच्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मंच कळे. माझ्याशी बोलताना मावशी जरा सावकाश, शाळेत ऐकलेलं आठवून बोलल्यासारखं बोले. लाल चौकटीचं लुगडं आणि मनगटापर्यंत बाह्यांची चोळी. चुलीपुढे घामाने निथळत होती, तरी बाह्या खालीच.

सकाळी भाकऱ्या थापताना मात्र तिने उजवी बाही वर सारली होती. पाणी मागायला मी आत गेले आणि मला तिच्या हातावरचं गोंदण दिसलं. आता माझी सवय वाईट. रेघ दिसली की ती सरळ आहे का, हे आधी बघते. हिरवट पडलेल्या त्या गोंदणात खाली पायऱ्या, पायऱ्यांवर तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना पानं आणि वर टोकाला क्रूस. क्रुसाचा एक हात आखूड. हे काय, असं मी विचारणार तोच मावशीने पिठाच्या हातानेच बाही खाली ओढली.

विहिरीवर फिलूने मला सगळं सांगितलं. मावशी लहान असताना शेजारच्या वाडीतल्या मैत्रिणींबरोबर आगाशीच्या बाजारात गेली. त्या मैत्रिणी हिंदू. गोंदणारणीने त्यांच्या हातांवर वृंदावनं काढली. हिने क्रूस मागितला. गोंदणारणीने क्रूस पाहिला होता तो इथल्या अंगणांतला, चौथऱ्यावरचा. चौथरा म्हटला की वृंदावन, हे तिच्या हातात बसलेलं. तिने आधी वृंदावन काढलं, सवयीने पानंही काढली आणि मग वर क्रूस बसवून दिला. पोर खूश होऊन घरी आली. लग्नात अंघोळीच्या वेळी सासरच्या बायकांनी तो हात पाहिला आणि तिला 'तुळसबाय' म्हणू लागल्या. चेष्टाच ती, पण वर्षानुवर्षं पुरली. तेव्हापासून लांब बाह्या.

आदल्या संध्याकाळी मावशी का हसली नाही, ते आता मला कळलं. तोच घोटाळा माझ्या हातून तिच्या अंगणात पुन्हा झाला होता.

"आणि मला गोंदून घ्यायचंय," फिलू म्हणाली. "आय नको म्हणते. तू मला एक चांगला क्रूस काढून दे."

मला खरं तर गोंदण कधीच आवडलं नाही. आमच्याकडच्या बायकांच्या कपाळावरचे ठिपके पाहून मला नेहमी वाटे, धड चेहऱ्यावर ही शाई कशाला. पण चित्र काढ म्हटल्यावर मी कसली थांबते. दुपारभर बसून मी एक क्रूस काढला. नाजूक, मापात, पायाशी लिलीची दोन फुलं. फिलू "छान" म्हणाली. मावशीने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"चित्र सुंदर हाय, बाय," ती म्हणाली. "पण कागद फाडता येतो. उद्या तिकडं कोण हसलं, लग्नात कोणी नाक मुरडलं, तर ही काय करील? मी काय केलं, ते बघते ना ती रोज."

फिलू हट्टाला पेटली होती. सामान हरवतं, फोटो पिवळे पडतात, ती म्हणाली, मला इथलं काहीतरी असं न्यायचंय की जे कोणी काढून घेऊ शकणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एस.टी.ने आगाशीला निघालो. मावशी आली ती मुलीला शेवटपर्यंत अडवायला, हे तिने बसमध्ये मला सरळ सांगितलं.

आगाशीचा बाजार मला फार आवडला. केळीचे घड, पानांच्या चवडी, सुक्या मासळीचा वास. मिठागरावरून आलेला एक म्हातारा मीठ विकत होता. त्याच्या दंडावर मोठ्या अक्षरांत 'गणपत' गोंदलेलं.

"गणपत कोण?" मी विचारलं.

"मीच."

"स्वतःचं नाव कशाला? विसरता की काय?"

"दुसऱ्याचं घातलं तर भांडन होतं, बाई," तो म्हणाला. "आपलं बरं. आपन आपल्याला सोडून जात नाय."

मी हसले, मावशीही हसली. पापडीला आल्यापासून तिला मी पहिल्यांदा हसताना पाहत होते.

गोंदणारीण चिंचेखाली गोणपाट टाकून बसली होती. काजळीची वाटी, एकत्र बांधलेल्या सुया, हळद. तिने माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "जमंल. फुलाचे पैसे येगळे." फिलूने हात पुढे केला. मग एकदम मागे घेतला.

"हे नको," ती म्हणाली. "माझ्या आयच्या हातावर आहे ते काढा."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दुपारभर खपले होते. पण मावशीचा चेहरा पाहिला आणि माझा राग तिथेच विरला.

"ते चुकलेलं हाय, फिलू," ती हळू म्हणाली.

"माहीत आहे मला. पण तू भाकरी थापायचीस तेव्हा मी समोर बसायचे, आणि मला तेच दिसायचं. चर्चमधला क्रूस मी नंतर पाहिला. आय, डोळे मिटले की मला तोच दिसतो, आखूड हाताचा."

"बघितल्याबिगर काढू कशी?" गोंदणारीण म्हणाली. तिला दुसरी गिऱ्हाइकं होती.

मावशीने आजूबाजूला पाहिलं. बाजारात ओळखीचे लोक होते. पलीकडे सुकेळी विकणारी बाई तर तिच्या सासरच्याच गावची. मला वाटलं, ही आता उठून चालू लागेल. ती खाली बसली. मनगटाचं बटण तिच्याने निघेना, ते फिलूने काढलं. बाही कोपरापर्यंत वर गेली आणि तिने तो हात लेकीच्या हाताशेजारी गोणपाटावर ठेवला.

गोंदणारणीने बोटाने रेघा चाचपल्या. "ही पानं कशाला? गाळू?"

"गाळू नको," मावशी म्हणाली. "हाय तसं काढ."

सुया टोचू लागल्या. फिलू इंजेक्शनं देणारी पोर, पण तिने ओठ दाबून धरले. पलीकडची सुकेळीवाली उठून आली, दोघींचे हात पाहिले, "तुळसबाय ना गो तू?" म्हणाली. मावशी "व्हय" म्हणाली आणि लेकीच्या हातावरची माशी वारत राहिली. काम संपेपर्यंत तिने बाही खाली घेतली नाही. मी नुसती बघत होते. एकही रेघ सरळ नव्हती आणि मला कुठेही खोडावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी मी परत निघाले. फिलूचा हात सुजला होता, हळदीने पिवळा झाला होता आणि ती तो सगळ्या वाडीला दाखवत फिरत होती. मावशी टांग्यापर्यंत आली. रविवार होता, ती मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) येत होती, आणि बाह्या पुन्हा मनगटापर्यंत होत्या. इतक्या वर्षांची सवय एका बाजारात थोडीच जाते.

परत गेल्यावर शाळेतल्या बायका विचारणार, गोंदण चांगलं की वाईट, हौस की पस्तावा, हे मला माहीत होतं. इथे येताना माझं उत्तर तयार होतं. आता नव्हतं. चित्र सुबक आहे की नाही ते मी सांगू शकते, तेवढंच मला शिकवलंय. फिलूला कुवेतमध्ये कधी पस्तावा होईल का, ते तिलाही आज सांगता येणार नाही. निदान जिने आयुष्यभर तो सोसला तिला तरी विचारावं, म्हणून मी टांग्यातून वाकून विचारलं, "मावशी, तुम्हाला अजून पस्तावा आहे?"

मला बरं वाटावं म्हणून काही बोलणारी ती बाई नव्हती.

"हाय," ती म्हणाली. "पण आता एकटीचा नाय."