खिडकीतला 'परत'

पालघरच्या हापिसात खिडकीशी एक क्लार्क बसतो. त्याच्या तोंडात एकच शब्द, 'परत'. कागद परत आला, आजी. परत या, आजी. 'नाय' असं कदी बोलला नाय.

सासऱ्यापासून आमी डोंगरावर नाचणी लावतो. ती जमीन आमच्या नावावर करा, म्हणून गावच्या सभेनं दावा पास केला. वरच्या सायबानं तो सही न करता धाडून दिला. आता पेरलं तर केस करू, असं जंगलखात्याचे लोक सांगून गेलेत.

त्या दिवशी क्लार्क पेपर वाचताना हसला. "ऐका आजी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं फौजेच्या वर्षाच्या खर्चाचा कायदा परत पाठवला. तिथल्या सभेनं परत मत देऊन पास केला. त्याची सही लागलीच नाय!"

"आमच्या सभेनं पन दोनदा हात वर केले, भाऊसायेब."

त्याचं हसू गेलं. "तुमची सभा गावची, आजी."

माझ्या दाव्याच्या कडा फाटलेल्या. त्यानं तो त्याच पेपरात नीट गुंडाळला, वर सुतळी बांधली. "परत या."

"सही न्यायला, का कागद असाच न्यायला?"

तोंडापुढं धरायला त्यानं पेपर शोधला. तो माझ्या काखेत व्हता.