आमटीला अनुमोदन

सामंतसाहेबांना दुसऱ्यांदा आमटी हवी असली की ते वाटी पुढे करत नसत. ताठ बसून म्हणत, "आणखी आमटी यावी, असा ठराव मांडतो. अनुमोदन?" पंगतीतलं कुणीतरी "अनुमोदन" म्हणेपर्यंत मी पळी घेऊन ताटकळायची. कुणी बोललंच नाही, तर बापडे कोरडा भात खात. मग भांडी घासणारी धर्मी मागच्या दारातून ओरडायची, "हाय, हाय, अनुमोदन हाय! जेवा आता, मला ताटं घासायची हायत."

साठच्या दशकातली गोष्ट सांगते. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं आणि आमच्या पाम गावात जिकडे पाहावं तिकडे इंजिनिअर. मी घरात खाणावळ काढली. सामंतसाहेब पडवीतल्या खोलीत राहायलाच आले. शाळा माझी लवकर सुटली. जे शिकले ते या लोकांना वाढता वाढता.

साहेबांचं एकच स्वप्न होतं. "वहिनी, शास्त्रज्ञांची विद्वत्सभा आहे, साहित्यिकांची आहे. इंजिनिअर काय पाप करून आलाय?" साऱ्या देशाच्या इंजिनिअरांची विद्वत्सभा त्यांनी आमच्या पडवीत काढली. दर रविवारी बैठक. कित्येक रविवार तर सभासदांना द्यायच्या शालीचा रंग ठरवण्यातच गेले. जांभळी ठरली. मग अध्यक्षांनी बसायचं कशावर, यावर वाद, कारण घरात खुर्ची एकच आणि तिचा एक पाय आखूड. एवढे इंजिनिअर जमलेले, पण पायाखाली खापरी सरकवली ती धर्मीनं.

शाल सगळ्यांनाच हवी म्हटल्यावर साहेबांनी नियम केला: स्वतः उभारलेलं, लोकांच्या वापरातलं एक तरी काम दाखवील तोच सभासद. ठराव टाळ्यांच्या गजरात पास.

उद्घाटनाच्या दिवशी तपासणी झाली. देशपांड्यांनी मोठ्या साहेबांच्या बंगल्याचं फाटक दाखवलं. मिळाली शाल. कुणी मोरी दाखवली, कुणी कॅन्टीनची मुतारी. शाली मिळत गेल्या. शेवटी सामंतसाहेबांची पाळी आली, तर दाखवायला काहीच नाही. जन्मभर नकाशे काढलेले. त्यांचं धरण कागदावरच राहिलं आणि पूल दुसऱ्या जिल्ह्यानं पळवला.

"संस्थापकांना सूट द्यावी, असा ठराव मांडतो," देशपांडे म्हणाले.

"अनुमोदन!" सगळे ओरडले.

"फेटाळला," साहेब म्हणाले. "उद्या जो तो संस्थापक निघेल."

कुणी फार आग्रह केला नाही हो. दिल्लीहून अध्यक्ष यायचे होते. जांभळ्या शाली हार घेऊन बोईसर स्टेशनला पळाल्या. साहेब एकटेच पडवीत उरले, उष्टे कप गोळा करत.

धर्मी ते घ्यायला आली. "सायब, बावीचा वटा कोनी केला?"

आमच्या विहिरीभोवती नुसता चिखल असायचा. धर्मी हंड्यासकट आपटली, तेव्हा साहेबांनी घराचं उरलेलं सिमेंट घेऊन, धोतर खोचून स्वतः ओटा घातला होता. असा उतार दिला, की सांडलेलं पाणी सरळ केळीला जाई.

"ते काय काम झालं? लोकांच्या वापरातलं हवं," साहेब म्हणाले.

"मंग आमी कोन? लोक नाय?"

मी लगेच म्हटलं, "अनुमोदन!"

"गणपूर्ती नाही, वहिनी," असं पुटपुटून ते खोलीत गेले.

पुढच्याच रविवारी, उद्घाटनात अध्यक्षांशेजारी कोणी बसायला हवं होतं यावरून सभा मोडली. शालींची लहान मुलांची दुपटी झाली. मग साहेबांची बदली झाली.

जायच्या दिवशी सामान टांग्यात चढलं, तरी साहेब येईनात. मी मागे जाऊन पाहते, तर ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून ते बघत उभे. पाणी कुठेही न थबकता केळीच्या बुंध्याशी गेलं. भांडी घासणाऱ्या धर्मीकडे वळून साहेबांनी घसा खाकरला.

"सभासदत्व स्वीकारतो," ते म्हणाले.

शाल कुठली आणायची? धर्मीनं पदराला हात पुसले आणि त्याच केळीची एक फणी तोडून साहेबांच्या हातात दिली.